जोडीदाराचे लपवलेले कर्ज आणि बेफाम खर्च: आधी माणूस सांभाळा, मग कारण शोधा, मग पैशाचे बघा

कर्जाची तक्रार घेऊन डॉक्टरकडे सहसा कोणी येत नाही. तक्रार वेगळीच असते. महिनाभर झोप लागत नाही, छातीत धडधडते, पित्त वाढले आहे, गोळ्या चालू असूनही बीपी खाली येत नाही. घरात काही ताण आहे का, असे विचारल्यावर हळूहळू खरे बाहेर येते. नवऱ्याच्या नावाने वसुलीचे फोन येऊ लागले, तेव्हा कळले की तीन लोन अ‍ॅप, दोन क्रेडिट कार्ड आणि ऑफिसमधल्या चौघांचे हातउसने पैसे बाकी आहेत. कधी उलटही असते. बायकोने मायक्रोफायनान्सचे कर्ज घेतलेले असते, दागिने सोनेतारणात गेलेले असतात आणि नवऱ्याला पत्ताही नसतो.

अशा वेळी बहुतेक कुटुंबे एकच गोष्ट करतात: दागिने मोडून किंवा माहेरून पैसे आणून कर्ज एकदाचे फेडतात आणि विषय बंद करतात. वर्ष-दीड वर्षाने तेच पुन्हा उभे राहते. कारण खर्चामागचे कारण तसेच राहिलेले असते, आणि काही वेळा ते कारण म्हणजे उपचार होऊ शकणारा आजार असतो. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे.

धक्का बसल्यावर तुमच्या शरीरात काय होते?

लपवलेले कर्ज कळणे हा दुहेरी धक्का असतो. पैसे गेल्याचे दुःख असते, आणि ज्याच्यावर भरवसा होता त्याने खोटे सांगितल्याचेही असते. मेंदू याला धोका समजतो. अ‍ॅड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरके वाढतात. काही दिवसांचा ताण शरीर सहन करते, पण तो महिनोन्महिने राहिला तर परिणाम दिसू लागतात:

- झोप न लागणे किंवा पहाटे तीन-चारला जाग येऊन विचार सुरू होणे
- धडधड, हातपाय गार पडणे, श्वास पुरत नाही असे वाटणे
- आम्लपित्त, पोटात मुरडा, वारंवार शौचाला जावे लागणे
- मान, पाठ आणि डोके दुखणे
- मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर तो नियंत्रणाबाहेर जाणे
- चिडचिड, रडू येणे, कामात लक्ष न लागणे, विसरभोळेपणा

दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, छातीत दुखणे "टेन्शनमुळेच असेल" असे घरच्या घरी ठरवू नका. विशेषतः वय चाळीसच्या पुढे असेल, मधुमेह किंवा बीपी असेल, घाम सुटत असेल किंवा दुखणे हाताकडे, जबड्याकडे जात असेल, तर लगेच ईसीजी काढा. दुसरी, पैसे वाचवण्यासाठी स्वतःच्या बीपी-शुगरच्या गोळ्या बंद करू नका. परवडत नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. बरीचशी औषधे जनऔषधी केंद्रात खूप कमी किमतीत मिळतात, सरकारी रुग्णालयातही मिळतात.

बेफाम खर्चामागे काय असू शकते?

प्रत्येक उधळ्या माणसाला आजार नसतो. पण पुढील शक्यता एकदा तपासून पाहाव्यात.

*१. उन्माद, म्हणजे मेनिया.* बायपोलर आजारात मनःस्थिती कधी खूप वर जाते, कधी खूप खाली येते. वर गेलेल्या काळात माणूस दोन-तीन तास झोपूनही ताजातवाना असतो, भरभर बोलतो, एका दिवसात तीन धंद्यांच्या योजना आखतो, अडवले की भडकतो, आणि हात सैल सोडून खर्च करतो. गरज नसताना गाडी बुक करणे, अनोळखी माणसांना पैसे वाटणे असे प्रकार होतात. हे बहुतेक दिवसभर, आठवडाभर किंवा जास्त टिकले तर मेनियाचा विचार करतात. सौम्य स्वरूपात चार दिवसांचा काळही पुरेसा धरला जातो. नंतर बहुधा नैराश्य येते, आणि तेव्हाच तो माणूस डॉक्टरकडे जातो. त्या भेटीत आधीच्या उधळपट्टीची माहिती कोणी दिली नाही, तर फक्त नैराश्याच्या गोळ्या सुरू होतात आणि काही रुग्णांमध्ये त्यातून मेनिया उसळू शकतो. म्हणून खर्चाची हकिकत डॉक्टरांना सांगणे ही चुगली ठरत नाही. निदानासाठी ती लागतेच.

*२. जुगार.* पत्ते, मटका, क्रिकेट सट्टा, ऑनलाइन रमी, बेटिंग अ‍ॅप हे सगळे यात आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात जुगाराचा विकार व्यसनांसोबतच ठेवला आहे. खुणा अशा: गेलेले पैसे परत मिळवण्यासाठी पुन्हा खेळणे, रक्कम वाढवत नेणे, बंद करायचा प्रयत्न फसणे, खेळता आले नाही की चिडणे, आणि किती हरलो याबद्दल खोटे बोलणे. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. पण कायद्याने ओढ थांबत नाही, आणि आधी झालेले कर्जही फिटत नाही.

शेअर बाजारातील फ्युचर्स-ऑप्शन्सचे व्यवहारही काहींच्या बाबतीत याच वळणाने जातात. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत हे व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात होते. तेव्हा "एक चांगला ट्रेड झाला की सगळे भरून निघेल" हे वाक्य घरात वारंवार ऐकू येत असेल, तर सावध व्हा.

*३. खरेदीची अनिवार ओढ.* मन उदास झाले की खरेदी, पार्सल आले की थोडा वेळ बरे वाटणे, मग अपराधी वाटणे आणि वस्तू न उघडता लपवून ठेवणे, असे चक्र असते. यामागे अनेकदा नैराश्य, चिंता किंवा एकटेपणा असतो.

*४. दारू आणि इतर व्यसने.* व्यसनावर पैसे जातातच, शिवाय नशेत घेतलेले निर्णय आणि सुटलेली नोकरी यांचाही बोजा पडतो.

*५. चालू असलेली औषधे.* हे अनेकांना माहीत नसते. पार्किन्सनसाठी आणि काही वेळा पायांच्या अस्वस्थतेसाठी दिली जाणारी प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारखी औषधे काही रुग्णांमध्ये जुगार, खरेदी किंवा खाण्याची अनावर इच्छा निर्माण करतात. मानसिक आजारांत वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅरिपिप्राझोलबाबतही असा इशारा दिलेला आहे. औषध सुरू झाल्यावर किंवा डोस वाढल्यावर हे वागणे सुरू झाले का, ते आठवून पाहा. मात्र औषध मनाने बंद करू नका. पार्किन्सनची औषधे अचानक थांबवणे धोकादायक असते. लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोला, बहुतेक वेळा डोस किंवा औषध बदलून हा त्रास कमी होतो.

*६. उतारवयात पहिल्यांदाच बदललेले वागणे.* आयुष्यभर काटकसरीने राहिलेला माणूस पन्नाशी-साठीत अचानक उधळू लागला, कोणाच्याही भूलथापांना बळी पडू लागला, लाजलज्जा सोडून बोलू लागला किंवा जिवलगांबद्दल त्याची माया आटली, तर मेंदूची तपासणी हवी. डिमेन्शियाच्या एका प्रकारात स्मरणशक्ती शाबूत असताना स्वभाव आधी बदलतो. थायरॉइड आणि बी-१२ यांच्या रक्ततपासण्याही डॉक्टर सांगतात.

*७. आजार नसलेली कारणे.* धंद्यात खोट आली आणि सांगायची लाज वाटली, भावाच्या लग्नासाठी कर्ज काढले, नोकरी गेल्याचे लपवून कर्जातून घरखर्च चालवला, ऑनलाइन फसवणूक झाली, अशा घटना खूप असतात. येथे मोकळे बोलणे आणि आर्थिक नियोजन पुरते. काही घरांत मात्र जोडीदाराला मुद्दाम अंधारात ठेवून, तिचे पैसे आणि दागिने काढून घेऊन तिला अंकित ठेवले जाते. तो छळ आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात आर्थिक छळाचाही समावेश आहे.

पहिले एक-दोन दिवस: हिशेब नको, जीव सांभाळा

गुपित उघडे पडण्याची वेळ कर्जदारासाठी सर्वांत नाजूक असते. लाज, भीती आणि वसुलीचा दबाव एकदम अंगावर येतो. पुढील बोलणे कधीही हसण्यावारी नेऊ नका:

- "मी नसलो तर विम्याचे पैसे तरी मिळतील."
- "आता तोंड दाखवायला जागा राहिली नाही."
- "आपण सगळेच संपून गेलो तर सुटू."

असे ऐकले तर थेट विचारा, "जीव द्यायचे विचार मनात येतात का?" विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट मन मोकळे व्हायला वाट मिळते. उत्तर "हो" असेल तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नका. घरातली कीटकनाशके, झोपेच्या आणि इतर जास्तीच्या गोळ्या हलवा. एका विश्वासू नातेवाइकाला बोलवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते आणि मराठीत बोलता येते. जीव लगेच धोक्यात असेल तर ११२ वर फोन करा. "सगळेच संपून जाऊ" अशी भाषा असेल, तर मुलांना घेऊन सुरक्षित ठिकाणी जा आणि मग मदत बोलवा.

हे सगळे तुमच्या स्वतःच्या मनात येत असेल, तरी हेच नियम तुम्हालाही लागू आहेत.

बोलायचे कसे?

रात्री उशिरा, दारू घेतलेली असताना, मुलांसमोर किंवा सासू-सासऱ्यांच्या दरबारात हा विषय काढू नका. दोघेच असताना, पोटात अन्न असताना बोला. सुरुवात अशी करता येईल: "मला कर्जाचं कळलंय. मला रागही आलाय आणि भीतीही वाटतेय. पण आज भांडायचं नाही. एकूण किती आहे, एवढंच आपण लिहून काढू."

पहिल्या दिवशी सांगितलेला आकडा सहसा पूर्ण नसतो. लाजेपोटी माणूस हप्त्याहप्त्याने सांगतो आणि प्रत्येक नव्या आकड्याला समोरच्याचा विश्वास पुन्हा मोडतो. म्हणून स्पष्ट करा: "आज जे सांगाल त्यावर मी ओरडणार नाही. पण यानंतर नवीन काही निघालं तर मला मदत करणं कठीण जाईल." आणि हे बोललात तर ते पाळा.

पूर्ण आकडा कसा काढायचा?

- दोघांचेही क्रेडिट रिपोर्ट काढा. देशातील चारही क्रेडिट माहिती कंपन्यांकडून (सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क) वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. जोडीदाराचा रिपोर्ट त्याच्या संमतीनेच, एकत्र बसून काढा. स्वतःचा मात्र नक्की पाहा. तुमच्या नावावर तुम्हाला माहीत नसलेले कर्ज किंवा जामीन तिथे दिसेल.
- रिपोर्टमध्ये न दिसणारे वेगळे लिहा: सावकार, हातउसने, भिशी, नातेवाईक, दुकानातली उधारी.
- गहाण दागिने, विमा पॉलिसीवरचे कर्ज, पीएफमधून काढलेली रक्कम तपासा.
- कोऱ्या धनादेशावर किंवा कोऱ्या कागदावर कोणाला सही दिली आहे का, ते विचारा.

एकरकमी फेडण्याची घाई का नको?

जुगाराच्या विकाराच्या निदानासाठी जे निकष वापरतात, त्यात एक असा आहे: पैशाची अडचण सोडवायला इतरांवर अवलंबून राहणे. म्हणजे दर वेळी आई, भाऊ किंवा बायकोने येऊन कर्ज फेडणे हे आजाराच्या चित्राचाच भाग असते. फेडले की वसुली थांबते, कार्डाची मर्यादा मोकळी होते, आणि कारण तसेच असल्याने पुन्हा सुरुवात होते.

फेडायचेच आहे, पण अटींसह: पूर्ण यादी समोर आल्यावर, तपासणी आणि उपचार सुरू झाल्यावर, आणि पैसे जोडीदाराच्या हातात न देता थेट देणेकऱ्याच्या खात्यात. आधी घरभाडे किंवा घराचा हप्ता, वीज, शाळा, औषधे. मग जास्त व्याजाची कर्जे. क्रेडिट कार्डवर फक्त किमान रक्कम भरत राहिले तर व्याज वर्षाला चाळीस टक्क्यांच्या आसपास जाऊ शकते. हप्ते झेपत नसतील तर बँकेला लेखी अर्ज देऊन पुनर्रचना मागा. एका अ‍ॅपचे फेडायला दुसऱ्या अ‍ॅपचे कर्ज घेऊ नका.

सोबत काही काळासाठी, जोडीदाराच्या संमतीने, मर्यादा घाला: क्रेडिट कार्ड बंद, यूपीआयची मर्यादा कमी, बेटिंग आणि ट्रेडिंगची खाती बंद, पगाराच्या दिवशीच घरखर्च वेगळ्या खात्यात, आठवड्याला ठरलेला हातखर्च. दर रविवारी पंधरा मिनिटे हिशेब पाहा. दिवसभर मोबाइल तपासत बसू नका. त्याने दोघांचीही झोप जाते.

कर्जाची जबाबदारी तुमच्यावर येते का?

- केवळ पती किंवा पत्नी असल्याने जोडीदाराचे वैयक्तिक कर्ज तुमच्या अंगावर येत नाही. सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही असेल तर येते. जामीनदाराची जबाबदारी सामान्यतः कर्जदाराइतकीच असते. म्हणून दबावाखाली सही करू नका.
- कर्जदाराच्या मृत्यूनंतर वारसांवर जबाबदारी येते, ती वारशाने मिळालेल्या मालमत्तेपुरतीच. "मी गेलो तर तुम्ही रस्त्यावर याल" या भीतीत बुडालेल्या माणसाला हे माहीत असणे गरजेचे आहे.
- स्त्रीधन पत्नीचेच असते. नवरा ते अडचणीत वापरू शकतो, पण परत करणे त्याच्यावर बंधनकारक आहे.
- गोव्यातील विवाहांत मालमत्ता बहुधा सामाईक धरली जाते, त्यामुळे तिथे वेगळा सल्ला घ्या.
- वसुली एजंटांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, धमक्या देऊ नयेत, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, त्यासाठी माहिती १४४४८ वर मिळते. फोटो बदलून बदनामी करणाऱ्या अ‍ॅपविरुद्ध १९३० वर सायबर तक्रार करा.
- महाराष्ट्रात परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करता येते.
- स्त्रियांना उत्पन्नाची अट न ठेवता मोफत कायदेशीर मदत मिळते: १५१००. मारहाण किंवा छळ होत असेल तर महिला हेल्पलाइन १८१.

उपचार काय असतात?

बायपोलर आजारात लिथियम, व्हॅल्प्रोएट यांसारखी मनःस्थिती स्थिर ठेवणारी औषधे लागतात आणि ती बरे वाटल्यावरही चालू ठेवावी लागतात. जुगार आणि खरेदीच्या ओढीसाठी विचार आणि सवयी बदलण्यावर काम करणारे समुपदेशन हा मुख्य उपचार आहे. जुगाराच्या काही रुग्णांत मानसोपचारतज्ज्ञ नाल्ट्रेक्सोनसारखे औषधही देतात. सोबतच्या नैराश्यावर किंवा दारूवर उपचार केल्याशिवाय फरक टिकत नाही. जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग असतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*जोडीदार डॉक्टरकडे यायलाच तयार नाही, काय करू?*
"वेड्यांच्या डॉक्टरकडे चल" असे म्हणू नका. "झोप नीट नाही, बीपी तपासून घेऊ" म्हणून नेहमीच्या फॅमिली डॉक्टरकडे आणा. तेही जमले नाही तर तुम्ही एकटे जा. डॉक्टर जोडीदाराची गोपनीय माहिती तुम्हाला सांगू शकत नाहीत, पण तुमचे म्हणणे ऐकू शकतात.

*मुलांना सांगावे का?*
मुलांना घरातला ताण कळतोच. वयाप्रमाणे थोडक्यात सांगा: "सध्या पैशाची अडचण आहे, आम्ही दोघं मिळून ती सोडवतोय, तुमची काही चूक नाही." मुलांना निरोप्या किंवा हेर बनवू नका.

*आजार निघाला म्हणजे सगळे माफ करायचे का?*
नाही. आजाराने वागण्याचे कारण समजते, पण उपचार घेणे आणि खरे बोलणे ही जबाबदारी त्या व्यक्तीचीच राहते. तुम्ही सोबत राहायचे की वेगळे व्हायचे, हा निर्णय तुमचा आहे. फक्त तो धक्क्याच्या पहिल्या आठवड्यात, झोप नसताना घेऊ नका.

तुम्ही स्वतः डॉक्टरांकडे कधी जावे?

दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक दिवस मन उदास असेल किंवा कशातच रस वाटत नसेल, झोप किंवा भूक गेली असेल, धडधडीचे झटके येत असतील, बीपी किंवा साखर वाढली असेल, झोपेसाठी गोळी किंवा दारू लागत असेल, तर वाट पाहू नका. जाताना फक्त "अशक्तपणा आहे" म्हणू नका. "घरी कर्जाचा ताण आहे" हे एक वाक्य पुढे ठेवा. त्यामुळे अनेक अनावश्यक तपासण्या वाचू शकतात. हे गुपित एकट्याने सांभाळू नका. बहीण, मैत्रीण, भाऊ, निदान एका माणसाला सांगा. कर्ज फिटायला काही वर्षे लागू शकतात. तोवर तुमची झोप, औषधे आणि दोन वेळचे जेवण चालू राहिले पाहिजे.